‘माझ्या कह्यात नाही’: जाहीर सूचनेने काय होते, काय होत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या अंकातील छोट्या जाहिरातींच्या पानावर, गहाळ शेअर सर्टिफिकेट आणि नावातील बदल यांच्या सूचनांमध्ये अधूनमधून एक चौकट दिसते. मजकूर जवळपास ठरलेला असतो. ‘तमाम लोकांस कळविण्यात येते की, माझा मुलगा अमुक हा माझ्या कह्यात नाही. त्याच्या वर्तनास कंटाळून आम्ही उभयतांनी त्याच्याशी सर्व संबंध तोडले असून त्यास स्थावर-जंगम मिळकतीतून बेदखल केले आहे. त्याच्याशी कोणी व्यवहार केल्यास आम्ही जबाबदार राहणार नाही.’ खाली वडिलांचे किंवा वकिलाचे नाव असते. काही वेळा मुलाचा फोटोही असतो. मुलींबद्दलच्या अशा सूचनाही येतात, पण बहुतेक मुलांबद्दलच्या असतात.

कोणतेही आईबाप हे हौसेने छापत नाहीत. दारू, गर्द, ऑनलाइन जुगार किंवा उपचार न झालेला मनोविकार घरात वर्षानुवर्षे राहिला की डोक्यावरून पाणी जाते आणि कोणीतरी सुचवते, ‘पेपरात देऊन टाका, सुटाल.’ त्या ‘सुटाल’ या शब्दासाठीच हे पत्र आहे. अशा पालकांबरोबर रोज काम करताना आम्हा समुपदेशकांना दिसते ते असे, की सूचनेने ते सुटत नाहीत आणि ज्याने थोडेफार सुटता येईल ते करायचे राहून जाते.

आधी कायद्याचे. ‘बेदखल केले’ असे छापल्याने वारसा जात नाही. वडील मृत्युपत्र न करता गेले, तर हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ नुसार हा मुलगा पहिल्या वर्गाचा वारस असतो. आई, बहीण, भाऊ यांच्या बरोबरीने त्याचा हिस्सा निघतो आणि दहा वर्षांपूर्वीचे कात्रण त्याला अडवू शकत नाही. स्वकष्टार्जित मिळकतीतून त्याला वगळायचे असेल तर मृत्युपत्रच करावे लागते. मिळकत वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाची असेल तर मुलाचा हिस्सा जन्माने येतो, २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीचाही, आणि तो मृत्युपत्रानेसुद्धा काढून घेता येत नाही. अशा वेळी वाटप करून आपला हिस्सा वेगळा काढणे हाच मार्ग. शेतजमिनीसाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. नशेत असलेल्या मुलाची सही घेऊन नोटरीपुढे केलेला हक्कसोड मात्र कोणी करू नये. स्थावर मिळकतीचा हक्कसोड नोंदणीकृतच लागतो, आणि नशेतल्या सहीवर पुढे कोर्टात बोट ठेवले जाते.

दुसरी समजूत कर्जाची. सज्ञान मुलाने स्वतःच्या नावावर घेतलेले कर्ज आईवडिलांवर येत नाही, मग सूचना असो वा नसो. ते सहकर्जदार किंवा जामीनदार असतील तर मात्र येते, आणि मग सूचना छापूनही टळत नाही. म्हणजे जिथे भीती आहे तिथे सूचना निरुपयोगी आणि जिथे ती उपयोगी वाटते तिथे तिची गरजच नसते. उरतो तो फोटो. मुलगा सावरला तरी नाव शोधल्यावर ते कात्रण नोकरी देणाऱ्यापुढे येते. त्यात ‘व्यसनी’, ‘वेडसर’ असे शब्द असले तर बदनामीचा दावा उलटा पालकांवर येऊ शकतो. मनोविकारावर रुग्णालयात उपचार चालू असलेल्या व्यक्तीचा फोटो किंवा माहिती तिच्या संमतीशिवाय माध्यमांना देण्याला मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ ची मनाई आहे. हे आपल्या जाहिरात विभागानेही लक्षात घ्यावे.

मग करायचे काय? पहिले काम कागदांचे. ते न भांडता, मुलाला न सांगता, आठवडाभरात उरकता येते. बँकेतले खाते मुलाबरोबर संयुक्त असेल आणि ‘दोघांपैकी कोणीही’ असे असेल, तर नवे एकट्याचे किंवा पती-पत्नीचे खाते उघडून निवृत्तिवेतन तिकडे वळवावे. सही करून ठेवलेले कोरे धनादेश फाडावेत. एटीएम आणि यूपीआयचे पिन बदलावेत, आणि बँकेशी जोडलेला मोबाइल क्रमांक आपलाच आहे ना, तो आपल्याच फोनमध्ये आहे ना, हे पाहावे. सोने, खरेदीखत, सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट लॉकरमध्ये किंवा विश्वासू नातलगाकडे ठेवावे. आधार कार्डाच्या छायाप्रती घरभर पसरू देऊ नयेत. नामनिर्देशन म्हणजे मालकी असा समज फार पक्का आहे. नॉमिनी हा बहुतेक ठिकाणी फक्त ताबा घेणारा असतो, मालकी वारसांकडे किंवा मृत्युपत्राप्रमाणे जाते. म्हणून नॉमिनी बदलून थांबू नये.

मृत्युपत्र साध्या कागदावर चालते, मुद्रांक लागत नाही. दोन साक्षीदारांसमोर सही लागते. साक्षीदार मिळकतीत वाटा नसलेले आणि आपल्यापेक्षा तरुण असावेत. नोंदणी सक्तीची नाही, पण अशा घरांत दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलेच बरे. सोबत त्याच दिवसाचे, शुद्धीवर व समजउमज असल्याचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र ठेवावे. मुलाला का वगळले हे एका संयत वाक्यात लिहावे, शिव्याशाप लिहू नयेत. मुलगा आजारी असेल तर सरसकट वगळण्यापेक्षा त्याच्या वाट्याचा विश्वस्त निधी करून, औषध आणि जेवणाचा खर्च थेट भागेल अशी रक्कम दरमहा देण्याची तरतूद करता येते. एकरकमी पैसा त्याच्या हाती पडला तर तो सावकारांच्या नाहीतर पेडलरच्या हाती जातो. सरकारी निवृत्तिवेतनधारकांनी आणखी एक पाहावे. कमवू न शकणाऱ्या मनोविकारग्रस्त अपत्याला पालकांमागे कुटुंब निवृत्तिवेतन मिळण्याची सोय आहे, पण प्रमाणपत्र आणि नोंद आपण हयात असतानाच करून ठेवलेली बरी. मागे राहिलेल्या बहिणीला ती धावपळ फार जड जाते.

राहते घर मुलाच्या नावे बक्षीसपत्राने करून देण्याची घाई तर मुळीच नको. महाराष्ट्रात अपत्यांच्या नावे तसे करायला मुद्रांक शुल्क नाममात्र लागते, म्हणून हा मोह होतो. करायचेच असेल तर ‘तहहयात आमचा सांभाळ करण्याच्या अटीवर’ ही ओळ दस्तात हवी. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण अधिनियम, २००७ च्या कलम २३ नुसार, सांभाळ न झाल्यास असे बक्षीसपत्र रद्द करून घेता येते. अशी अट होती हे दाखवावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये सांगितले. जानेवारी २०२५ च्या निकालात कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूने सैलपणे लावला गेला, पण त्या भरवशावर अट लिहायची राहू देऊ नये. याच कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे निर्वाहासाठी अर्ज करता येतो. कमाल मर्यादा दरमहा १०,००० रुपये आहे आणि नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल अपेक्षित असतो. गरज पडल्यास घर खाली करण्याचा आदेशही मिळतो. पण घरात सून असेल तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने तिला असलेला राहण्याचा हक्क डावलून तो देता येत नाही. मुलाला बाहेर काढण्यासाठी सुनेला आणि नातवंडांना रस्त्यावर आणण्याचा विचार कोणी करूही नये.

कागद झाले की खरा कसोटीचा भाग येतो, हातातल्या पैशाचा. बहुतेक घरांत वडील नकार देतात आणि आई पदराआडून पाचशेची नोट सरकवते. तिला दोष देणे सोपे आहे. ती त्या नोटेने त्या रात्रीपुरती शांतता विकत घेत असते, कारण तमाशा झाला तर मार तिलाच बसतो. म्हणून दोघांनी आधी एकत्र बसून ठरवायला हवे: रोख काहीही नाही, जेवण मात्र कायम. औषधाच्या दुकानात, खानावळीत, रिक्षावाल्याला पैसे आपण थेट द्यायचे. भाडे भरायचेच असेल तर घरमालकाच्या खात्यात. हे मुलगा शुद्धीवर असताना, सकाळी, एकदाच आणि थोडक्यात सांगायचे. कारणमीमांसा करू नये, कारण प्रत्येक कारणावर वाद घालता येतो.

पुढचे दोन-तीन आठवडे सर्वांत वाईट जातात, आणि बहुतेक पालक नेमके तिथेच हरतात. नकार पक्का झाला की मागणी कमी व्हायच्या आधी वाढते. आवाज चढतो, वस्तू फुटतात, मध्यरात्री फोन येतात, मावशीकडे रडगाणे जाते. सात दिवस नाही म्हणून आठव्या दिवशी दिले, तर आपण त्याला आठ दिवस ताणायला शिकवलेले असते. तेवढा दम नसेल तर नियम सुरूच करू नये, आधी आपली तयारी करावी. मावशी, काका, शेजारचे किराणा दुकानदार, सर्वांना एकच निरोप द्यावा की आमच्या नावावर उधार देऊ नका.

जुगार आणि लोन ॲपची कर्जे हा वेगळाच गुंता आहे. पैशाच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने बंदीचा कायदा केला, तरी झालेली कर्जे आहेतच. ‘या वेळी फेडा, पुन्हा नाही’ या शब्दावर एकरकमी फेड केली की त्याची पत मोकळी होते आणि नवी कर्जे उभी राहतात. मदत करायचीच असेल तर आधी सगळा आकडा टेबलावर हवा. प्रत्येक क्रेडिट माहिती कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. तो मुलाने आपल्यासमोर स्वतः काढावा. त्यात हमखास दोन-चार लपवलेली कर्जे निघतात. खासगी सावकार त्यात दिसत नाहीत, ते वेगळे विचारावे लागतात. मग एकेका संस्थेकडून तडजोडीचे पत्र लेखी घ्यावे, रक्कम थेट कर्जखात्यात भरावी आणि कर्ज फिटल्याचा दाखला घेतल्याशिवाय दुसऱ्या कर्जाला हात लावू नये. वसुली एजंटांना सकाळी ८ पूर्वी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करण्याला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. फोन आले तर वेळ, क्रमांक टिपून तक्रार करावी. विनापरवाना सावकाराविरुद्ध तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे जाते.

एवढ्यात एक गोष्ट ठासून सांगायला हवी. ‘दोनाचे चार हात केले की ताळ्यावर येईल’ हा सल्ला अजून दिला जातो आणि अजून पाळला जातो. व्यसन किंवा मनोविकार लपवून लावलेले लग्न म्हणजे आपल्या घरातली आग दुसऱ्याच्या मुलीच्या पदरात टाकणे आहे. फसवणुकीच्या कारणावर असे लग्न रद्द होऊ शकते. ते झाले नाही तर त्या मुलीचे आयुष्य जाते. यात मध्यस्थी करणाऱ्या नातलगांनाही हात जोडून विनंती की हे करू नका.

आणि संबंध तुटण्याचे कारण आंतरजातीय लग्न, निराळी लैंगिक ओळख, शेती सोडणे किंवा शेतीकडे वळणे असे असेल, तर मूल बिघडलेले नाही. तिथे या पत्रातला कोणताही उपाय लागू नाही. तिथे चूक कबूल करणारा एक फोन पालकांनी करायचा आहे.

उपचारांबद्दल सर्वाधिक चुका दारूच्या बाबतीत होतात. रोज भरपूर पिणाऱ्याला शेतातल्या खोलीत कोंडून ‘दारू तोडणे’ जीवघेणे ठरू शकते. शेवटच्या पेल्यानंतर साधारण ६ ते २४ तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, उलट्या होतात. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवसांत भ्रम सुरू होतो, भिंतीवर किडे दिसतात, ताप चढतो, आणि त्यात माणूस दगावू शकतो. म्हणून दारू बंद करायची ती डॉक्टरांच्या देखरेखीत, झोपेच्या व झटक्यांच्या औषधांबरोबर आणि थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाच्या इंजेक्शनांबरोबर. यापूर्वी असे झटके आलेले असतील तर घरी प्रयत्नच नको. गर्दचे उलट आहे. अंमली पदार्थ सुटून काही आठवडे झाल्यावर शरीराची सवय मोडलेली असते आणि मुलगा जुन्याच मात्रेने परत घेतो, ती जीवघेणी ठरू शकते. व्यसनमुक्ती केंद्रातून परतल्यानंतरचे पहिले दिवस म्हणूनच सर्वांत जोखमीचे.

‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ अशी पावडर विकणाऱ्या जाहिराती वर्तमानपत्रांतून येतात. त्यात काय असते हे कळायला मार्ग नसतो. डायसल्फिराम हे खरे औषधसुद्धा भाजीत मिसळून देणे धोक्याचे आहे. ते पोटात असताना दारू घेतली की १० ते ३० मिनिटांत चेहरा लाल होतो, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. हृदय कमकुवत असेल तर मृत्यू येऊ शकतो. गोळी थांबवल्यावरही हा धोका दोन आठवड्यांपर्यंत राहतो. हे औषध माणसाला सांगून, त्याच्या संमतीने, तपासण्या करूनच दिले जाते. शिवाय भाजीत काही मिसळले जाते हे एकदा कळले की तो घरचे अन्न सोडतो. संशयाचा आजार असेल तर त्या संशयाला आपणच पुरावा दिलेला असतो.

मनोविकारात पहिला अडथळा असतो ‘मला काही झालेले नाही’ हा. त्याला ऐकू येणारे आवाज खोटे आहेत हे पटवत बसू नये, तसेच ‘हो, शेजारी तुझ्यावर पाळत ठेवतात’ असेही म्हणू नये. ‘तुला झोप नाही, भीती वाटते, त्यासाठी डॉक्टरांना भेटू’ इथवर त्याला मान्य होऊ शकते. झोप हा सर्वांना चालणारा दरवाजा आहे. औषधांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात आणि त्याआधी तोंड कोरडे पडणे, सुस्ती, वजन वाढणे सुरू होते, म्हणून गोळ्या बंद होतात. ‘घेत नाही’ असे ओरडण्याऐवजी कोणता त्रास होतो ते विचारून डॉक्टरांना सांगावे. औषध बदलता येते, महिन्यातून एकदा घ्यायचे इंजेक्शनही असते.

मुलगा सज्ञान आहे, त्यामुळे त्याच्या परवानगीशिवाय डॉक्टर पालकांना माहिती देणार नाहीत. पण पालक डॉक्टरांना माहिती देऊ शकतात, हे फार थोड्यांना सुचते. एका पानावर लिहून द्यावे: कधीपासून काय बदलले, झोप किती तास, काय घेतो आणि किती, आधीची औषधे व मात्रा, घरात असा आजार कोणाला, मारहाण किंवा जिवाचे बरेवाईट करण्याचा प्रयत्न झाला असेल तर तारीख. विशेषणे नकोत. ‘फार हट्टी आहे’ यातून डॉक्टरांना काही कळत नाही; ‘मंगळवारपासून तीन रात्री झोपला नाही, घड्याळे झाकून ठेवतो’ यातून पुष्कळ कळते.

तो येतच नसेल आणि स्वतःला किंवा इतरांना इजा करत असेल, तशी धमकी देत असेल, किंवा स्वतःची देखभाल करू न शकल्याने जिवावर बेतत असेल, तर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ८९ नुसार त्याच्या प्रतिनिधीच्या अर्जावर ३० दिवसांपर्यंत दाखल करता येते. एक मनोविकारतज्ज्ञ आणि दुसरा व्यावसायिक स्वतंत्रपणे तपासतात. त्याने प्रतिनिधी नेमला नसेल तर नातेवाईक ते काम करू शकतो. तब्येत बरी असताना त्याच्याकडून साध्या कागदावर, सहीनिशी, त्याच्या पसंतीचा प्रतिनिधी लिहून घेतला तर ऐन वेळी तंटा होत नाही. तो बापाऐवजी मामाचे नाव लिहील, लिहू द्यावे. सरकारी सेवा जवळ आहेत: जिल्हा रुग्णालयांतले मनोविकार विभाग, येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालये, गोव्यात बांबोळीची संस्था. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण व्यसनमुक्तीचे काम करते आहे. ठाण्याची आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) आणि पुण्याची स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन इथे कुटुंबीयांनाही आधार मिळतो. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉनच्या सभा विनाशुल्क असतात आणि मुलगा उपचाराला तयार नसला तरी आईवडिलांना तिथे जाता येते.

‘गाडी पाठवतो, उचलून नेतो’ असे फोनवर सांगणारे केंद्र टाळावे. मनोविकारतज्ज्ञ कोण आणि आठवड्यातून किती वेळा येतात, नोंदणी कुठली, पहिल्या महिन्यात भेट व फोन होतो का, हे विचारावे आणि झोपायची खोली पाहू द्या म्हणावे. उत्तर टाळले तर परत फिरावे. माणसाला साखळीने बांधणे कायद्याने पूर्णपणे निषिद्ध आहे. मार खाऊन परतलेला मुलगा दारू सोडो न सोडो, आईवडिलांना मात्र सोडतो.

हिंसा सुरू झाली की समजूत घालण्याची वेळ संपलेली असते. नशेतल्या माणसाशी वाद नको. दाराकडची बाजू आपली ठेवावी. कागदपत्रांच्या प्रती, चार दिवसांची औषधे आणि थोडी रोकड असलेली पिशवी शेजाऱ्यांकडे आधीच ठेवावी. ११२ ला फोन करावा. पोलीस नुसती अदखलपात्र नोंद घेतील, तीही घ्यावी, कारण अशा नोंदींवरूनच पुढे चॅप्टर केस, म्हणजे प्रतिबंधक कारवाई, होऊन चांगल्या वर्तणुकीचा जामीन लिहून घेतला जातो. आई २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्यामार्फत मुलाविरुद्ध संरक्षणाचा आणि त्याने घराबाहेर राहण्याचा आदेश मागू शकते. आपल्याच पोराविरुद्ध अर्ज करताना तिचा हात अडखळतो, ते स्वाभाविक आहे. पण असा आदेश म्हणजे शिक्षा नसते, तो मोडला तरच गुन्हा होतो, एवढे तिला समजावून सांगणारे कोणी शेजारी असावे.

आणि आत्महत्येची धमकी. ‘पैसे दिले नाहीत तर जीव देईन’ हे शंभराव्यांदा ऐकले तरी खरे मानूनच वागायचे. खरे मानायचे म्हणजे डॉक्टर बोलवायचे, पैसे द्यायचे नाहीत. ‘मरावंसं वाटतंय का? काही ठरवलंयस का?’ असे सरळ विचारावे. विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. एकटे सोडू नये. कीटकनाशके घराबाहेर कुलपात, झोपेच्या गोळ्या नजरेआड. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मराठीतून उपलब्ध आहे आणि पालकही त्यावर सल्ला घेऊ शकतात.

आता ज्यांचा मुलगा निघून गेला आहे, फोन घेत नाही, त्यांच्यासाठी. दिवसाला वीस मिस्ड कॉल, ऑफिसच्या गेटवर उभे राहणे, ‘आईला अटॅक आला’ असा खोटा निरोप, हे सारे टाळावे; यांतला शेवटचा प्रकार तर पुढच्या खऱ्या निरोपाचाही विश्वास घालवतो. त्याऐवजी महिन्यातून एक, ठरलेल्या तारखेला, चार ओळींचा मजकूर. त्यात प्रश्न नको, उपदेश नको, ‘पण’ हा शब्द नको. असे काहीतरी: ‘आजीच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं. अंगणातल्या आंब्याला मोहर आलाय. उत्तर दिलंच पाहिजे असं नाही. माझा नंबर हाच राहील. बाबा.’ क्रमांक खरोखरच बदलू नये. त्याने ब्लॉक केले असेल तर पाकिटातून पत्र. पोस्टकार्ड नको, ते घरमालकही वाचतो. त्याने ‘संपर्क करू नका’ असे स्पष्ट सांगितले असेल तर वाढदिवसाला एक पत्र, एवढेच. आपल्याकडून काही चुकले असेल, मारहाण झाली असेल, भावाशी तुलना झाली असेल, तर माफी त्या प्रसंगापुरती, नाव घेऊन मागावी. ‘आमचं काही चुकलं असेल तर’ ही माफी कोणालाच पोचत नाही.

बराच काळ काही येत नाही. येते तेव्हा बहुधा शिवी किंवा पैशाची मागणी येते. ती संवादाची सुरुवात म्हणून घ्यावी. एका दिवसाच्या आत, दोन ओळींत: ‘तुझा मेसेज पाहून बरं वाटलं. पैसे देणार नाही. रविवारी जेवायला भेटू शकतो.’ पहिली भेट घरी नको. दिवसा, एखाद्या साध्या हॉटेलात, पाऊण तास, आई किंवा वडील यांपैकी ज्याच्याशी कमी बिनसले आहे त्या एकानेच जावे. काका-मामांची पंचायत नको. लग्न, नोकरी, कर्ज आणि ‘तेव्हा तू काय केलंस’ हे चार विषय त्या पाऊण तासात काढू नयेत. बिल आपण द्यावे आणि ठरल्या वेळी उठावे.

पत्ताच लागत नसेल तर पोलीस ठाण्यात हरवल्याची नोंद करावी, अलीकडचा फोटो आणि चालू औषधांची चिठ्ठी सोबत द्यावी. सज्ञान मुलगा सापडला आणि त्याला परतायचे नसेल तर पोलीस त्याचा जबाब घेतात व पत्ता न देता ‘सुखरूप आहे’ एवढेच कळवू शकतात. तेही ऐकायची तयारी ठेवावी. मनोविकारात भटकलेल्यांना रस्त्यावरून उचलून, बरे करून घरी पोचवण्याचे काम कर्जतची श्रद्धा पुनर्वसन संस्था करते, ज्यासाठी डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तिथून परतलेल्यांमध्ये असेही असतात, ज्यांच्या घरच्यांनी आशा सोडलेली होती.

संपादक महोदय, आपल्याकडे दोन मागण्या आहेत. संबंध तोडल्याच्या सूचनांमध्ये मुलाचा फोटो आणि ‘व्यसनी’, ‘मनोरुग्ण’ असे शब्द स्वीकारू नयेत, आणि ‘नकळत दारू सोडवा’ या पावडरींच्या जाहिराती घेणे बंद करावे. दुसरे, अशी सूचना ज्या दिवशी छापाल त्या दिवशी तिच्याशेजारी दोन इंचांची जागा मोकळी ठेवून हे क्रमांक द्यावेत: मानसिक आरोग्यासाठी १४४१६, व्यसनमुक्तीसाठी १४४४६, ज्येष्ठांसाठी १४५६७, विधी सेवा प्राधिकरणाच्या मोफत सल्ल्यासाठी १५१००, जिथे महिलांना उत्पन्नाची अट नाही. सूचना द्यायला आपल्या खिडकीवर आलेल्या माणसाला पावतीसोबत हाच मजकूर छापलेली चिठ्ठी दिली तरी चालेल. मजकूर आम्ही लिहून देऊ, छपाईचा खर्चही करू.

आपले,
व्यसनी व मनोविकारग्रस्त मुलांच्या पालकांसमवेत काम करणारे काही समुपदेशक,
पुणे